नकाशा गावाचा, साधना समाजाची
(एका व्याख्यानाचा संपादित भाग)



नकाशा हा राज्यकर्त्यांचा आणि सेनापतींचा विषय आहे, अशी सर्वसामान्य माणसाची समजूत असते. तिला इतिहासाचा आधारही आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७६७ साली या देशात सर्वेक्षण खाते सुरू केले ते लोककल्याणासाठी नव्हे, तर जिंकलेला आणि जिंकावयाचा मुलूख कागदावर आणण्यासाठी. त्या कामात बुद्धी आणि श्रम मात्र भारतीयांचेही होते. पुढे एव्हरेस्ट या नावाने ओळखल्या गेलेल्या शिखराची उंची गणिताने सिद्ध करण्यात राधानाथ सिकदार यांचा वाटा मोठा होता. कुमाऊँचे पंडित नैनसिंह रावत हाती जपमाळ घेऊन, पावले मोजत ल्हासापर्यंत गेले. त्या माळेत १०८ ऐवजी १०० मणी होते आणि ठरावीक पावलांनंतर एक मणी पुढे सरकत असे. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. पाऊल भारतीयाचे होते; नकाशा मात्र परकीय सत्तेचा झाला.

स्वातंत्र्यानंतरही नकाशा दीर्घकाळ कुलपातच राहिला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराचे आणि संरक्षणाचे नकाशे वेगळे केले. पुढे १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र शासनाने भारतीयांसाठी पूर्वपरवानगीची जाचक बंधने दूर केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर झाले. दार आता उघडले आहे. प्रश्न आहे तो आत पाऊल टाकणाऱ्या समाजाचा.

२००४ साली इंग्लंडमध्ये 'ओपन स्ट्रीट मॅप' हा उपक्रम सुरू झाला. त्याचे तत्त्व सोपे आहे. ज्याला आपल्या परिसराची माहिती आहे त्याने ती नकाशावर नोंदवावी, दुसऱ्याने ती तपासावी आणि सर्वांनी ती विनामूल्य वापरावी. नकाशे तयार करण्याची 'क्यूजीआयएस' ही संगणक प्रणालीही अशीच मुक्त आहे. २००२ साली सुरू झालेली ही प्रणाली जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढविली. पैशांअभावी नकाशा करता येत नाही, ही सबब त्यामुळे उरलेली नाही.

परंतु साधने मिळाली म्हणजे कार्य झाले असे नव्हे. नेपाळचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. २०१२ साली काठमांडूत शाळा आणि रुग्णालये नकाशावर आणण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यातून २०१३ मध्ये 'काठमांडू लिव्हिंग लॅब्ज' ही तरुणांची संस्था उभी राहिली. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना शिकविणे, वस्त्यांमध्ये फिरणे, नावे पडताळणे असे प्रसिद्धीपासून दूरचे काम दोन-तीन वर्षे चालले. २५ एप्रिल २०१५ रोजी प्रलयंकारी भूकंप झाला आणि सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी जगभरातील हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून रस्ते आणि घरे रेखाटली. मात्र त्या वाडीचे नाव काय, कोणती वाट दरडीने बंद झाली, कोणत्या गावाला तंबू हवेत आणि कोणत्या गावाला औषधे, हे आकाशातून दिसत नव्हते. ते सांगणारी स्थानिक माणसे आधीपासून एकमेकांना ओळखत होती, म्हणूनच तो नकाशा मदतीच्या उपयोगी पडला.

यातील बोध संघटनेच्या कार्यकर्त्याला नवा नाही. संकटाच्या दिवशी संघटना उभी करता येत नाही; आधीच उभी असलेली संघटनाच त्या दिवशी धावून जाते. नित्य संपर्क हाच आपत्तीतील सेवेचा पाया असतो.

पर्यावरणाच्या क्षेत्रातही हेच दिसते. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर जपानी नागरिकांनी 'सेफकास्ट' या उपक्रमातून मोटारींवर मापकयंत्रे बसवून किरणोत्साराच्या नोंदी घेतल्या आणि त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. हवेतील धूलिकण मोजणारी स्वस्त यंत्रे आज आपल्याकडेही मिळतात. मात्र हवेत आर्द्रता वाढली की अशी यंत्रे प्रमाण वाढवून दाखवितात. शासकीय मापनकेंद्राच्या नोंदींशी ताडून पाहिल्याविना ते आकडे घेऊन आंदोलन करणे म्हणजे असत्याला वाट करून देणे होय. येथेही एकटा हौशी माणूस अपुरा पडतो. यंत्र जाणणारा अभियंता, हवामान जाणणारा प्राध्यापक आणि वस्ती जाणणारा कार्यकर्ता एकत्र यावे लागतात.

महाराष्ट्रात या कार्याची निकड किती आहे? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि विस्मृतीत गेलेल्या मिठी नदीने मुंबईला आपल्या अस्तित्वाची आठवण करून दिली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. कोणत्या ओढ्यावर भराव पडला, कोणत्या उतारावर भेगा दिसतात, हे गावातील वृद्धांना आणि गुराख्यांना ठाऊक असते. पण ते कोठेही नोंदलेले नसते. देवरायांचेही तसेच आहे. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला. देवाच्या नावाने राखलेले ते वन म्हणजे पूर्वजांनी श्रद्धेतून जपलेला जैवविविधतेचा ठेवा आहे, हे त्यातून जगासमोर आले. ज्या देवराईची सीमा कोठेच आखलेली नाही, तिचे एकेक झाड मुकाट्याने जाते आणि त्याची कोठे नोंदही राहत नाही.

म्हणून प्रत्येक तालुक्यात दहा-पंधरा जणांचा गट उभा राहावा. त्यात निवृत्त भूकरमापक असावा, भूगोलाचे शिक्षक, संगणक जाणणारे विद्यार्थी, शेतकरी आणि बचत गटातील भगिनी असाव्यात. महिन्यातून एक रविवार विहिरी, ओढे, जुने तलाव आणि देवराया यांच्या नोंदणीसाठी द्यावा. शेजारच्या तालुक्याच्या गटाने ते काम तपासावे. कारण नदी तालुक्याची हद्द जाणत नाही.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. मुक्त जागतिक नकाशे सीमा दाखविताना प्रत्यक्ष ताबा पाहतात. आपल्या प्रकाशनात मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाचीच सीमारेषा असावी. लष्करी स्थाने, दुर्मिळ वनस्पतींच्या नेमक्या जागा आणि कोणाच्या घराची खासगी माहिती प्रकट करू नये. मुक्तता म्हणजे बेजबाबदारपणा नव्हे.

मातृभूमीची भक्ती तिच्या प्रतिमेला पुष्पहार घालून पूर्ण होत नाही. तिच्या ओढ्याचे नाव, तिच्या टेकडीचा उतार आणि तिच्या विहिरीचे पाणी ठाऊक असणे हाही त्या भक्तीचाच भाग आहे. नैनसिंहांनी मोजलेली पावले दुसऱ्यांच्या कामी आली. आता प्रत्येक गावातील पावले त्या गावाच्याच कामी यावीत, आणि त्याचा प्रारंभ येत्या पावसाळ्यापूर्वी व्हावा.