जुन्या गाडीला नवा अल्टरनेटर



वणीत कुणाच्या दारात जुनी फियाट किंवा जीप उभी असेल,
तर आजचं बोलणं त्यांच्यासाठी.

चैत्रातली यात्रा.
नांदुरीला, सप्तशृंगी गडाच्या पायथ्याशी, वाहनांची रांग.
इंजिन मंद चालतंय, दिवे मात्र चालू.
अशा वेळी जुना डायनॅमो पुरेसा करंट देत नाही.
बॅटरी उतरत जाते.

अल्टरनेटरचं तसं नाही.
त्यातला मोठा करंट स्थिर वेटोळ्यातून बाहेर येतो,
फिरत्या भागातून नाही.
त्यामुळे अल्टरनेटर जास्त वेगानं फिरवता येतो.
इंजिन मंद असतानाही चार्जिंग होतं.

पण बदलण्याआधी एक गोष्ट तपासा.
बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय?
काही जुन्या विलायती गाड्यांत ते धन असायचं.
आजचे अल्टरनेटर बहुधा ऋण टोकासाठी असतात.
उलटं जोडलं, की आतले डायोड क्षणात जळतात.
पुन्हा सांगतो: आधी टोक तपासा, मग पाना हातात घ्या.

डायनॅमोकडे उलटा करंट जाऊ न देणारा जुना कटआऊट काढावा लागतो.
बॅटरीकडे जाणारी वायर जाड घ्या.
डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मात्र काढू नका.
बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच दिव्यातून मिळतो.

आणि काढलेला डायनॅमो भंगारात देऊ नका.
जुन्या गाड्यांचे शौकीन मूळ भागच शोधत असतात.