दगडातलं रामायण


गंगापूरकरांना वेरूळ काही लांब नाही.
तिथलं कैलास लेणं, क्रमांक १६, तुम्ही पाहिलंही असेल.
आठव्या शतकातलं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं.

पण तिथलं रामायण पाहिलंत का?

आत शिरा.
उजव्या हाताला, मंडपाच्या दक्षिण अंगाला थांबा.
दगडात ओळीखाली ओळ कोरली आहे.
वनवास आहे, सीताहरण आहे.
खालच्या ओळींत सेतू बांधला जातो आहे.
वानर दगड वाहत आहेत.

डाव्या हाताला, उत्तरेकडे, महाभारत.
उजवीकडे रामायण, डावीकडे महाभारत.
एवढं लक्षात ठेवा.

आता दक्षिण बाजूनेच थोडं पुढे चला.
रावण कैलास पर्वत हलवतो आहे.
घाबरलेली पार्वती शंकराला बिलगली आहे.
शंकर मात्र शांत. पायाच्या नुसत्या दाबाने पर्वत स्थिर करतो.
माझ्या मते, साऱ्या वेरुळात याच्या तोडीचं शिल्प नाही.

एकेकाळी या लेण्यावर गिलावा होता, रंग होते.
म्हणूनच त्याला रंगमहालही म्हणत.
रंगांच्या खुणा अजून कुठे कुठे दिसतात.

मंगळवारी लेणी बंद असतात.
जाल तेव्हा मुलांना सोबत न्या.
उजवीकडे रामायण, डावीकडे महाभारत.
गोष्ट त्यांनाच ओळखू द्या.