गल्लीतली बाई कोणत्या पक्षाची?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आपल्या बहुतेक गटांमध्ये एक न लिहिलेला नियम आहे. बैठकीत राजकारण काढायचं नाही. बचतीचा हिशोब होतो, रेशनचं बोलणं होतं, सासूचं गाऱ्हाणं होतं. निवडणुकीचा विषय निघाला की मात्र कुणीतरी लगेच म्हणते, "जाऊ द्या ना ताई, बोलाले गेलं तं भांडण होते." आणि विषय तिथंच संपतो.

हा नियम वाईट हेतूने झालेला नाही. गट टिकावा म्हणूनच तो झाला. पण त्यामुळे गट टिकतो का, की फक्त बैठक शांत राहते? ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, तरी गावात पॅनेल पडतात आणि त्या पॅनेलमध्ये घरं वाटली जातात. निवडणूक झाल्यावर दोन महिने एका बाजूच्या बाया दुसऱ्या बाजूच्या बाईकडे हळदीकुंकवाला जात नाहीत, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणजे भांडण तर झालंच. फक्त ते आपल्या तोंडून झालं नाही, घरातल्या पुरुषांच्या तोंडून झालं.

आपल्या विरुद्ध मताच्या बाईशी राजकारणावर कसं बोलायचं, या विषयावर मला आज बोलायचं आहे. आणि ते यवतमाळमध्येच बोललं पाहिजे, कारण या जिल्ह्यातल्या बाईचं नाव घेऊन राजकारण फार झालं आहे, तिच्याशी बोलणं त्या मानाने फार थोडं झालं आहे.

मारेगाव तालुक्यातल्या जळक्याच्या कलावती बांदूरकर आठवून पाहा. शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केलेली. 2008 च्या जुलैमध्ये अणुकरारावरून लोकसभेत विश्वासमताची चर्चा चालू होती, तेव्हा राहुल गांधींनी आपल्या भाषणात त्यांचं नाव घेतलं. पंधरा वर्षांनी, 2023 च्या ऑगस्टमध्ये, अविश्वास ठरावावर बोलताना अमित शहांनीही त्यांचं नाव घेतलं आणि त्यांना घर, वीज, गॅस आमच्या सरकारने दिला असं सांगितलं. त्यावर कलावतीबाईंनी पत्रकारांना स्वतःच सांगितलं की हे खरं नाही. दोन्ही बाजूंच्या भाषणात त्या उदाहरण होत्या. त्यांचं स्वतःचं म्हणणं काय, हे कुणीतरी त्यांच्या दारात जाऊन विचारलं तेव्हाच कळलं.

दुसरी गोष्ट 2019 च्या जानेवारीतली. यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. डॉ. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. उद्घाटनासाठी इंग्रजीत लिहिणाऱ्या ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. त्यांचे वडील रणजित सीताराम पंडित हे मराठी घराण्यातले. 2015 मध्ये सहगल यांनी असहिष्णुतेच्या प्रश्नावर साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला होता, त्यामुळे त्या काय बोलतील याचा अंदाज सगळ्यांनाच होता. इंग्रजी लेखिका कशाला, म्हणून विरोध झाला, संमेलन उधळण्याची भाषा झाली. ज्या पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी विरोध केला, त्या पक्षाच्या अध्यक्षांनी नंतर आपला विरोध नसल्याचं सांगितलं. तरीही निमंत्रण मागे घेतलं गेलं. अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. आणि न झालेलं भाषण वर्तमानपत्रांतून छापून आलं, गावोगाव वाचलं गेलं.

ज्यांना सहगल यांचे विचार पटत नव्हते त्यांचं यात काय साधलं? त्यांना त्याच मांडवात उभं राहून उत्तर देता आलं असतं. ती संधी गेली. आणि ज्यांना विचार पटत होते, त्यांना ते अधिकच पटले. बोलावलेल्या माणसाला दारातून परत पाठवलं की दोन्ही बाजू आपापल्या घरात आपलंच म्हणणं आपल्यालाच ऐकवत बसतात.

मग उद्घाटन कुणी केलं, तर कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी आत्महत्येनंतर एकटीने घर चालवणारी, अंगणवाडीत काम करणारी बाई. अडचणीच्या वेळी दिल्लीतली नाही, गल्लीतलीच बाई कामाला येते, अशा अर्थाचं त्या तिथं बोलल्या. टाळ्या पडल्या. कुणाला ते सहगल यांना मारलेला टोमणा वाटला, कुणाला साधा अनुभव वाटला. मला त्यात आपल्या कामाचं सगळं सार दिसतं. त्याच वर्षी वैशालीताई यवतमाळ-वाशिममधून लोकसभेची निवडणूक प्रहार पक्षाकडून लढल्या. म्हणजे गल्लीतल्या बाईलाही पक्ष असतो. ती मदतीला धावते तेव्हा आपण तिला पक्ष विचारत नाही. पण एरवी, तिचा पक्ष आपला नाही म्हणून, आपण तिच्याशी बोलणंच टाळलं असेल, तर अडचणीच्या रात्री तिचं दार वाजवायला आपला हात उचलेल का?

हे भावनेचं बोलणं नाही. आपल्या कामाचा व्यवहारच असा आहे. मारहाण झालेली बाई आपल्याकडे येते तेव्हा 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आपण तिला समजावून सांगतो, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करतो. पण त्या रात्री तिला घरात कोण घेणार? साक्ष कोण देणार? शेजारीण. नवरा गावातल्या पुढाऱ्याचा माणूस असेल तर त्याच पुढाऱ्याच्या पॅनेलमधली सदस्य बाई तिच्या बाजूने उभी राहणं, हे आपल्या दहा अर्जांपेक्षा मोठं असतं. त्या सदस्य बाईशी आपण वर्षभर बोललेलोच नसलो, तर ती त्या दिवशी का उभी राहील?

आता दारूचं घ्या. आपल्या जिल्ह्यात दारूबंदीसाठी बायांनी किती मोर्चे काढले ते मी सांगायला नको. 2008 साली निघालेल्या शासनाच्या आदेशाप्रमाणे गावातलं परवान्याचं दुकान मतदानाने बंद करता येतं. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी 25 टक्के बायांनी लेखी मागणी करायची, मग गुप्त मतदान, उभी बाटली की आडवी बाटली. आणि दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. नीट ऐका, झालेल्या मतांच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त.

समजा गावात 600 महिला मतदार आहेत. मागणीसाठी 150 सह्या लागतात. त्या आपल्या मताच्या बाया गोळा करून होतील. पण जिंकायला 301 मतं लागतात. 400 बाया मतदानाला आल्या आणि त्यातल्या 280 जणींनी आडवी बाटली केली, म्हणजे शंभरातल्या सत्तर जणी आपल्या बाजूने, तरी आपण हरलो. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात जाते. एका पॅनेलच्या, एका जातीच्या, एका पक्षाच्या बायांवर 301 होत नाहीत. तेव्हा विरुद्ध मताच्या बाईकडे जाणं हा मनाचा मोठेपणा नाही, ती आपली गरज आहे.

मग जायचं कसं, बोलायचं कसं? आमच्या कामातून मला जे समजलं ते सांगते.

पहिली गोष्ट, तिच्या मताला आधी नाव देऊ नका. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिन्याला 1500 रुपये. विधानसभेची निवडणूक झाली आणि आपल्यापैकी कित्येकींनी म्हटलं, बायांनी मतं विकली. हे वाक्य गटात बोलून पाहा. पैसे घेणारी बाई त्या क्षणी आपल्यापासून तुटते. त्याऐवजी विचारा, पैसे कुणाच्या हातात आले, कशावर गेले, घरात त्यावरून काय झालं? एक जण सांगेल, पहिल्यांदा माझ्या नावाच्या खात्यात काहीतरी आलं. दुसरी सांगेल, मालकाने काढून घेतले. तिसरी म्हणेल, हे देता तं मग कापसाले भाव काऊन देत नाही? बघा, ही तिसरी बाई राजकारणच बोलली, आणि कुणाचा अपमान न करता बोलली. योजनेच्या बाजूची आणि विरोधातली, दोघींनाही तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधावंसं वाटेल.

दुसरी गोष्ट, आपलं मत लपवू नका. समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला तटस्थ राहायला शिकवतात. समुपदेशनात ते ठीक आहे. पण गावातल्या बाईला आपण कुणाकडे झुकतो ते बरोबर कळतं, आणि आपण ते झाकतो हेही कळतं. "मी तिकडे मत दिलं, या या कारणाने. तू का नाही दिलंस, ते सांग," असं सरळ म्हटलं तर ती सरळ उत्तर देते. याला मोठी उदाहरणं आहेत. 1975 मध्ये आणीबाणी चालू असताना कऱ्हाडला साहित्य संमेलन झालं. केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण त्याच गावचे. अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्यादेखत आणीबाणीला विरोध केला आणि तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाशांसाठी सभेला उभं राहायला सांगितलं. सहगल तर इंदिरा गांधींच्या आतेबहीण, तरी त्यांनीही आणीबाणीला उघड विरोध केला. नातं आहे म्हणून मत गिळायचं, असं या बायांनी केलं नाही.

तिसरी गोष्ट, मर्यादा. काही मैत्रिणी विचारतात, आणि त्यांचं विचारणं रास्त आहे, की हा समजूतदारपणा दर वेळी आम्हीच का दाखवायचा? बौद्ध, पारधी, कोलाम, मुस्लिम बायांना बैठकीत बसून आपण इथल्याच आहोत, आपण माणूसच आहोत, हे सिद्ध करायला लावणं म्हणजे चर्चा नव्हे. कुणाची जात काढली, कुणाच्या धर्माला शिवी दिली, कुणाला धमकी दिली, तर तिथं बोलणं थांबवायचं. आणि ते थांबवण्याचं काम जिला शिवी बसली तिचं नाही, तिच्या शेजारी बसलेलीचं आहे. धोरणावर, पुढाऱ्यावर, पक्षावर वाटेल तितकं भांडू. माणसाच्या माणूसपणावर मतदान घ्यायचं नाही.

चौथी गोष्ट, एका बैठकीत मत बदलण्याची घाई करू नका. मत हे एकट्या बाईचं नसतं. त्याच्यामागे नवरा असतो, भाऊबंद असतात, विहिरीच्या पाण्याचा वाटा असतो, पिकासाठी उसने घेतलेले पैसे असतात. ती आपल्यासमोर हो म्हणाली तरी घरी गेल्यावर तिला ते निभावता आलं पाहिजे. तिने मत न बदलता आडव्या बाटलीवर शिक्का मारला, शेजारणीसाठी साक्ष दिली, तर आपलं बोलणं वाया गेलेलं नाही.

शेवटी एक प्रस्ताव मांडते. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेतलीच पाहिजे, असं कायदा सांगतो. बऱ्याच गावांत ती कागदावर होते, सह्या घरोघरी फिरवून घेतल्या जातात. पुढच्या ग्रामसभेपूर्वी प्रत्येक गटाने आपल्या विरुद्ध पॅनेलच्या किमान पाच बायांच्या घरी जायचं. मत मागायला नाही, मत सांगायलाही नाही. महिला ग्रामसभेत कोणता एक प्रश्न यावा असं तुम्हाला वाटतं, एवढंच विचारायचं. त्या जो सांगतील तो लिहून घ्यायचा आणि त्यांच्या नावाने सभेत मांडायचा, तो आपल्याला पटला नाही तरी. मग त्यावर उभं राहून आपलं म्हणणं सांगायचं.

तीन महिन्यांनी आपण पुन्हा भेटणार आहोत. तेव्हा किती घरी गेलो, कुठे चहा मिळाला, कुठे दार लावलं गेलं आणि सभेत कोणते प्रश्न आले, याचा हिशोब प्रत्येक गटाने आणावा. बचतीच्या वहीइतकाच नीट.