ज्येष्ठतेची यादी कोणाच्या हाती?

(सेलू येथे कामगार कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



सेलूच्या स्टेशनात आगगाडी थांबते. विमान मात्र डोक्यावरून निघून जाते. तेव्हा वैमानिकांच्या ज्येष्ठतेचा प्रश्न येथे कशासाठी, असे कोणी विचारील. लाखांत वेतन घेणाऱ्यांचा कैवार आपण का घ्यावा, असेही विचारील. शंका रास्त आहे. परंतु बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे मुलांच्या शाळेचे आणि वृद्ध आईबापांचे काय होते, हे एस. टी.च्या चालकाला जितके ठाऊक आहे तितकेच वैमानिकालाही. वेतनाचे आकडे निराळे असले तरी मालकाच्या मर्जीचे भय एकच आहे.

वैमानिकाची कामगिरी ज्या शहरातून सुरू होते व जेथे संपते, तो त्याचा तळ. नवे विमानतळ होत आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबरपासून तेथून उड्डाणे सुरू झाली. मार्ग वाढले की कंपन्या नव्या शहरांत तळ उघडतात. असा तळ एकाला घराजवळ आणतो, दुसऱ्याला घरापासून तोडतो. शिवाय तेथे कप्तानाच्या नव्या जागा निर्माण होतात. म्हणजे तळ उघडणे ही बदली असते तशीच बढतीही असते. या जागा कोणाला द्यायच्या? साहेबाच्या मर्जीने, की सर्वांना ठाऊक असलेल्या यादीने?

ज्येष्ठतेने गुणवत्ता मारली जाते, हा व्यवस्थापनाचा आवडता युक्तिवाद. पण वैमानिकाच्या कौशल्याची परीक्षा दर सहा महिन्यांनी होतच असते. त्यात जो उतरला नाही त्याला यादी वाचवीत नाही. जे पात्र ठरले त्यांच्यात आधी कोण, एवढेच यादी ठरवते. पात्रतेनंतरही ज्याला 'निवडीचे स्वातंत्र्य' हवे असते, त्याला बहुधा आज्ञाधारक माणसे हवी असतात.

आपल्या रेल्वेतील नियम पाहा. स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या विभागात गेलेला कर्मचारी तेथील यादीत शेवटी बसतो. प्रशासनाच्या गरजेपोटी पाठवलेल्याची ज्येष्ठता टिकते. नियम कठोर असला तरी लिहिलेला आहे. जेथे तो लिहिलेला नसतो तेथे एक डाव सहज खेळता येतो. नवा तळ कंपनीला हवा असतो, पण 'इच्छुकांनी अर्ज करावेत' असे पत्रक निघते आणि कंपनीची गरज कागदावर कामगाराची विनंती होऊन बसते. मग त्याची जुनी ज्येष्ठता कोणी मानायची?

याद्यांचा गोंधळ कोठवर जातो, हे एअर इंडियाने दाखवले. 2007 साली एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले. कंपन्या कागदावर एक झाल्या. वेतन, बढती व ज्येष्ठता यांचे हिशेब मात्र दोन राहिले. 2011 मध्ये एका बाजूचे वैमानिक समान वेतनासाठी संपावर गेले. त्याच वर्षी न्या. धर्माधिकारी समिती नेमली गेली; तिचा अहवाल 2012 मध्ये आला. त्याच वर्षी दुसऱ्या बाजूच्या वैमानिकांनी नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण कोणाला द्यावे, या वादावरून सुमारे दोन महिने संप केला. त्यांच्या संघटनेची मान्यता गेली, अनेकांना बडतर्फ करण्यात आले. गोंधळ निर्माण केला वरच्यांनी. झुंजले मात्र कामगार कामगाराशीच. 2022 मध्ये कंपनी टाटांकडे गेली.

म्हणून आपली भूमिका स्पष्ट असावी. ज्येष्ठतेची यादी तळ उघडण्यापूर्वी, संघटनेशी बोलून ठरावी आणि ती सर्वांना पाहता यावी. इच्छुकांना यादीच्या क्रमाने संधी मिळावी. सक्ती करावीच लागली तर ती यादीच्या शेवटापासून व्हावी, पण मुदतीची असावी आणि परत येण्याचा हक्क लेखी असावा. नाहीतर ज्येष्ठता म्हणजे तरुणांच्या पाठीवरचे ओझे होईल. आजारी माणसे वा तान्ही मुले घरी असणाऱ्यांचा अपवाद करावा, मात्र त्याचे कारण नोंदलेले असावे. कामगारकपातीत 'शेवटी आला तो आधी जाईल' हे तत्त्व 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते, 2020 च्या संहितेतही ते राहिले. ते मोडायचे तर मालकाने कारण लिहावे लागते. बदलीतही हाच दंडक का नसावा?

यादी म्हणजे काही समाजवाद नव्हे. जग बदलण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. पण साहेबापुढे ताठ उभे राहण्याइतकी जमीन ती कामगाराच्या पायाखाली ठेवते. एस. टी.च्या आगारात, रेल्वेत, सूतगिरणीत, जेथे आपण काम करतो तेथे ही यादी कोठे टांगलेली आहे, ती शेवटची कोणी दुरुस्त केली आणि कोणाला विचारून केली, एवढे उद्या जाऊन पाहा. प्रश्न वैमानिकांचा की आपला, याचे उत्तर तेथेच मिळेल.