य. दि. फडके : निकटच्या भूतकाळाचे इतिहासकार



पेशवाईचा इतिहास लिहिणाऱ्यास एक सोय असते. त्याच्या ग्रंथातील माणसांचे अनुयायी सहसा सभा उधळून लावीत नाहीत. यशवंत दिनकर फडके यांनी ही सोय स्वीकारली नाही. १९३१ साली सोलापुरात जन्मलेला हा राज्यशास्त्राचा प्राध्यापक टिळक, आगरकर, सावरकर, आंबेडकर यांच्याकडे वळला. म्हणजे ज्यांच्यावरून अजूनही घराघरांत वाद पेटतात, अशाच माणसांकडे.

त्यांच्या दोन ग्रंथांच्या नावांतच 'शोध' हा शब्द आहे. त्यांपैकी 'शोध बाळ-गोपाळांचा' हा टिळक-आगरकरांविषयीचा. १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला, आणि १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. आधी समाजसुधारणा की आधी स्वराज्य, एवढाच हा तंटा, असे शाळेत शिकविले जाते. प्रत्यक्षात आजीव सभासदांचे वेतन, त्यांची बाहेरची मिळकत आणि संस्थेचा कारभार यांवरूनही मने तुटली होती. थोर माणसेही पगारावरून भांडतात, हे वाचताना भक्ताला दुखते. फडके मात्र कागद बाजूला सारीत नसत.

महात्मा फुले समग्र वाङ्मयाच्या संपादनात त्यांचा वाटा होता. अरुण शौरी यांच्या आंबेडकरांवरील ग्रंथास त्यांनी १९९९ मध्ये पुस्तकरूपाने उत्तर दिले. त्याचे शीर्षक त्यांच्या एरवीच्या संयमी लेखणीला जरा तिखटच. 'विसाव्या शतकातील महाराष्ट्र' ही खंडमाला त्यांचे सर्वांत मोठे काम. २००० साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या इतिहासकाराकडे आले. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले.

उरला-रायपूरच्या मराठी माणसाचे यात काय? १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि छत्तीसगढचा हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. याच मुलखात, पेंड्रा येथून, माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' काढले. टिळकांचा विचार त्यांनी नागपुरात 'हिंदी केसरी'तून मांडला. त्यापायी १९०८ मध्ये अटक झाली, आणि माफी लिहून देऊन ते सुटले. पुढे त्यांनीच 'गीतारहस्य' हिंदीत आणले. रायपूरकर सप्र्यांचे नाव अभिमानाने घेतात, माफीचा उल्लेख मात्र हळू आवाजात होतो. फडक्यांच्या पद्धतीने सप्र्यांचे चरित्र लिहायचे, तर अनुवाद आणि माफी दोन्ही एकाच प्रकरणात, तारखांच्या क्रमाने येतील. छत्तीसगढातील मराठी कुटुंबांचा इतिहासही तसाच लिहिता येईल. त्याची सामग्री म्हणजे जुनी पत्रे, मंडळांची इतिवृत्ते, शाळांची हजेरीपुस्तके. आणि ती बहुधा घरातल्या ट्रंकांत व कार्यालयांतल्या कपाटांतच सापडायची.