पंचांगातला सूर्य आणि आदित्य-एल१



आपल्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत,
फारुकी अमदानीतला, शके १५११चा एक संस्कृत शिलालेख आहे;
त्यात तिथी, वार, नक्षत्र,
इतकेच काय, घटिकासुद्धा पंचांगाबरहुकूम नमूद आहेत.

ज्या सूर्यचंद्रांच्या गतीवरून ती कालगणना मांडली गेली,
त्यांपैकी सूर्यावर आज भारताचे आदित्य-एल१ हे यान
अहोरात्र नजर ठेवून आहे.

२ सप्टेंबर २०२३ रोजी ते श्रीहरिकोट्याहून निघाले.
जानेवारी २०२४ मध्ये मुक्कामी पोहोचले.
हा मुक्काम पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर आहे;
सूर्यापर्यंतच्या वाटेचा मात्र तो जेमतेम शंभरावा हिस्सा!
तेथे रात्र होत नाही, ग्रहण लागत नाही.
सूर्य अखंड दिसतो.

यानावरील ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने घडली.
ज्या अतिनील किरणांचा मोठा भाग आपले वातावरण वरच्यावर अडवते,
त्याच किरणांत ती सूर्याची छायाचित्रे टिपते.

सौरवादळ उसळले, की उपग्रहांना आणि बिनतारी दळणवळणाला बाधा पोहोचते.
म्हणून सूर्य अखंड दिसणे महत्त्वाचे;
आणि त्यापायी झालेला खर्च, आमच्या मते, सत्कारणी लागला आहे.