तूट मोजावी कशी?



अंदाजपत्रकात तूट दिसली की, सरकार उधळे झाले असे आपण लगेच म्हणतो. तुटीच्या एका आकड्यावरून असा निवाडा करू नये, एवढेच आम्हांस आज सुचवावयाचे आहे. अवर्षणाच्या साली शेतकऱ्याने कर्ज काढले, तर त्याला कोणी उधळ्या म्हणत नाही. पण सोळा आणे पीक येऊनही हाती काही उरले नाही, तर त्याच्या खर्चाची चौकशी करावी लागते.

सरकारचेही तसेच आहे. मंदीत लोकांची मिळकत घटते, म्हणून करांचे उत्पन्न घटते. जेथे बेकारांना भत्ता मिळतो तेथे खर्चही वाढतो. कोणी नवा निर्णय न घेता तूट फुगते. तेव्हा विचारावयाचे ते असे : देशातील माणसे व कारखाने नेहमीइतके कामात असते, तर याच करांनी व याच खर्चाने किती तूट राहिली असती?

अमेरिकेत १९३० नंतरच्या महामंदीत वर्षानुवर्षे तूट होती. यावरून, सरकारी खर्चाने मंदी हटत नाही, असे पुष्कळांनी ठरविले. १९५६ मध्ये केरी ब्राउन या अर्थशास्त्रज्ञाने वरील रीतीने हिशेब मांडला, तेव्हा त्या तुटीचा मोठा भाग मंदीनेच पाडलेला दिसला. १९३२ साली तर तेथे कर वाढविले होते! औषध निष्फळ ठरले नव्हते. ते पुरेसे दिलेच नव्हते. १९६२ मध्ये केनेडींच्या आर्थिक सल्लागारांनी चार टक्के बेकारी प्रमाण धरून हाच हिशेब राष्ट्रापुढे ठेवला, आणि १९६४ मध्ये करकपात झाली.

मात्र या मापातही एक खोच आहे. 'नेहमीइतके काम' म्हणजे किती? स्पेनमध्ये २००७ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दोन टक्के शिल्लक होती. घरबांधणीच्या तेजीलाच लोक नेहमीची स्थिती समजले. २००९ मध्ये तूट अकरा टक्क्यांवर गेली, आणि २०१३ पर्यंत दर चार कामकऱ्यांत एकाहून अधिक बेकार झाला. तेजीत बसून तेजी ओळखणे कठीण असते.

म्हणून तुटीचा आकडा ऐकला की आपण दोन प्रश्न विचारावे : यातील काळाने पाडलेली तूट किती, आणि आपण पाडलेली किती? पहिलीला भिऊन मंदीतच खर्च छाटला, तर गरिबाची भाकरी जाते. दुसरी तेजीत झाकली, तर पुढच्या पिढीवर बोजा पडतो. हे दोन्ही टाळणे हे जाणत्या नागरिकाचे काम आहे.